खच्चर पलटणीचे मेजर

मेजर माणसाकडे पाहताना आधी त्याच्या पायांकडे पाहत, तोंडाकडे मागाहून. पहिल्या भेटीत त्यांची नजर माझ्या चपलांवर अशी काही खिळली की मला वाटलं, शेण तुडवून आलो वाटतं. मी वाकून पाहू लागलो तर म्हणाले, "डाव्या पायाची टाच भाहेरून घासली तुमची, गुरुजी. कंबर दुखत असन." कंबर दुखत होती हो. दोन महिने दुखत होती. घरात बायकोलाही बोललो नव्हतो.

मी तेव्हा डोणगावजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवीन रुजू झालो होतो. मूळचा मोताळ्याकडचा, म्हणजे भाषा तीच, पण माणसं नवीन. या गावात फौजेतून परत आलेल्या कुणालाही सरसकट मेजर म्हणतात. तो शिपाई असो, ड्रायव्हर असो की न्हावी. आमचे मेजर खच्चर पलटणीत होते. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरांवर रेशन, रॉकेल आणि दारूगोळा खच्चरांच्या पाठीवरून जातो. एक माणूस, एक खच्चर. मेजरांनी अठरा वर्षं हे काम केलं आणि मग गावात येऊन चार एकरात सोयाबीन पेरू लागले. पण डोक्यातून ते खच्चर काही उतरलं नाही.

रस्त्याने चालताना त्यांचा उजवा हात मागे असायचा, मूठ अर्धी मिटलेली. त्या मुठीत दोरी नसायची, पण आहे असं समजून ते चालत. सपाट रस्त्यावरही ते कडेकडेने चालायचे, कारण म्हणे दरीच्या बाजूने माणसाने राहावं. आमच्या गावात दरी कुठली? एक नाला आहे, त्यात उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात. शाळेत जाणारी पोरं दिसली की त्यांना थांबवून दप्तरं उचलून बघायचे. एका खांद्यावर दप्तर टाकलेलं त्यांना मुळीच खपत नसे. "बोजा बराबर ठेव बे. दहा कोस जाशीन कसा?" पोरगं म्हणायचं, "आजोबा, शाळा तं हे समोर हाय." तरी ते दोन्ही पट्टे सारखे करूनच सोडायचे. बाजारातून येणाऱ्या बायांच्या दोन पिशव्यांतले कांदे-बटाटे इकडचे तिकडे करून वजन सारखं करून द्यायचे. बाया हसायच्या, पण करू द्यायच्या.

एकदा गावात लग्न होतं. वरात निघालेली, नवरदेव घोडीवर, बँडवाले रंगात आलेले. मेजर आडवे गेले आणि घोडीचा लगाम धरून उभे राहिले. म्हणाले, तंग लय आवळला, जनावराले श्वास घेता येऊन नाही राह्यला. नवरदेवाच्या मामाने हात जोडले, मुहूर्त टळतो म्हणाला. मेजर म्हणाले, "मुहूर्त तुमचा हाय, पोट तिचं हाय." भर उन्हात नवरदेवाला खाली उतरवलं, तंग सैल केला, बादलीभर पाणी मागवलं, घोडी पिऊन होईपर्यंत सगळी वरात थांबली. नवरदेव फेटा सावरत उभा. मग मेजरांनीच त्याला हात देऊन वर बसवलं आणि सलाम ठोकला. नवरीकडचे लोक अजून ती गोष्ट सांगतात. आधी चिडून सांगायचे, आता हसून सांगतात.

आता माझा भाग सांगतो. तो सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय मेजर कळणार नाहीत.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला मेजरांना मानाने बोलवत. सूत्रसंचालन माझ्याकडे. मला बोलायची हौस दांडगी. माईक हातात आला की मी मोकळा सुटतो. मेजरांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, करंगळी आणि तिच्या शेजारचं. पहिल्या वर्षी मी शाळेच्या शिपायाला विचारलं, बोटांचं काय झालं. तो म्हणाला, बर्फात गेली म्हणतात. एवढं मला पुरेसं होतं. मी माईकवर बर्फ पाडला, वादळ आणलं, शत्रूची चौकी आणली आणि शेवटी म्हटलं, "या वीराने आपली दोन बोटं भारतमातेच्या चरणी वाहिली." टाळ्यांचा कडकडाट. पोरांचे डोळे मोठे झाले. मेजर खुर्चीत ताठ बसून समोरच्या पोरांच्या बुटांकडे पाहत होते. दुसऱ्या वर्षी मी त्यात गोळीबारही घातला.

त्या दुसऱ्या वर्षी कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला हातपंपाजवळ गाठलं. इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, ते बोटाचं तसं नाही. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेले ते. पलटणीतच, पण मशीनमध्ये. जनावराले चारा कापून राह्यलो होतो."

मी म्हटलं, "अहो मग आधी का नाही सांगितलं?"

"पोट्टे टाळ्या वाजवतात. मले बी बरं वाटते, खोटं कायले बोलू? घरच्या बाईनंतर तुमालेच सांगून राह्यलो. पुढच्या साली नका सांगजा ते बर्फाचं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला माझाच मोठेपणा वाटला तेव्हा. "असू द्या मेजर," मी म्हटलं, "पोरांना प्रेरणा मिळते." आणि तिसऱ्या वर्षी मी तेच भाषण पुन्हा केलं. गोळीबार तेवढा काढला.

मग आली सरपंचपदाची निवडणूक. गावाच्या वेशीजवळ जनावरांना पाणी प्यायचा जुना हौद होता. अप्पांच्या पॅनलने तो पाडून तिथे दुकानांचे गाळे बांधले होते. अप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, तीन वेळा सरपंच, याही वेळचे उमेदवार, शाळा समितीचे अध्यक्ष आणि माझे घरमालक. माणूस वाईट नाही, पण आपल्याशिवाय गाव चालतं हे त्यांना मान्य नव्हतं. मेजरांनी दोनदा ग्रामसभेत हौदाचा विषय काढला, दोनदा लोक हसले. तिसऱ्या वेळी ते सरळ मेहकरला गेले आणि उमेदवारी अर्ज भरून आले. निशाणी मिळाली कपबशी. जाहीरनामा एका ओळीचा, "हौद बांधीन."

जागा खुली होती आणि मेजर विहाराकडच्या आळीतले. याबद्दल गावात मोठ्याने कुणी बोललं नाही. पण "खुल्या जागेवर?" असं म्हणून लोक जरा थांबायचे आणि मग दुसरं काहीतरी बोलायचे. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. मग हळूहळू बाया म्हणू लागल्या, आमची पिशवी धरणारा एवढा एकच माणूस गावात आहे. मग अप्पांना घाम फुटला.

एका संध्याकाळी अप्पा जिना चढून माझ्या खोलीत आले. खाटेवर बसले. "गुरुजी, तुमच्या हातात सरस्वती हाय. जरासं पत्रक लिहून द्या. नाव येणार नाही." त्यांच्याकडे जुनी माहिती होती. मेजर नोकरीत असताना एकदा सुट्टीवर आले आणि मुदत संपूनही बावीस दिवस परत गेले नाहीत. पोलीस कागद घेऊन गावात आले होते. म्हाताऱ्या लोकांना ते आठवत होतं. शिवाय माजी सैनिकांना स्वस्तात मिळणारी कॅन्टीनची रम. "आनखी काही असन तुमच्यापाशी?" अप्पांनी विचारलं.

आता मी म्हणू शकतो की घरमालक होते, अध्यक्ष होते, नाही कसं म्हणणार. पण तसं नाही. मला लिहायला मजा आली. दोन तास कसे गेले कळलं नाही. शाळेत निबंध तपासून तपासून माझी लेखणी गंजली होती, तिला धार आली. मी लिहिलं,

"खच्चर पलटणीच्या मेजरला चार सवाल. एक, उभी नोकरी जनावरांच्या शेपटामागे काढलेला माणूस गाव कसं हाकणार? दोन, बर्फात गेलेली बोटं कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये कशी सापडली? तीन, देश बोलवत असताना बावीस दिवस बायकोच्या पदराआड कोण लपून बसलं होतं? चार, कॅन्टीनची रम कोणाच्या घशात जाते?"

तिसरा सवाल मला फार आवडला होता. अप्पांनी "सुट्टीवरून पळाले" एवढंच सांगितलं होतं, पदर माझा. दोनदा मोठ्याने वाचून पाहिला. दुसरा सवाल लिहिताना हात क्षणभर थांबला, नाही असं नाही. मग लिहिला. पहिल्या सवालातली जनावरं कोणाच्या कानाला कशी लागतील हे मला कळत नव्हतं, असंही मी म्हणणार नाही. कळत होतं.

पत्रक मेहकरहून छापून आलं आणि घराघरात गेलं. मोबाइलवर तर त्याआधीच फिरलं. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एकजण मोठ्याने वाचत होता आणि लोक मांड्या थोपटत होते. मीही होतो तिथे. "कोणी लिहिलं असेल बुवा, मोठा बेरकी माणूस आहे," असंही म्हणालो. दोन-तीन टवाळ पोरं मेजर दिसले की गाढवासारखी ओरडू लागली. मेजर एकदा त्यांच्यापाशी थांबले. म्हणाले, "हे गाढव झालं. खच्चर असं नाही ओरडत. त्याचं सुरू घोड्यावानी होते आणि संपते गाढवावानी." आणि भर चौकात स्वतः ओरडून दाखवलं. त्या दिवसापासून पोरांचं ओरडणं बंद झालं. नंतर त्यातली दोघं त्यांचा प्रचार करताना दिसली.

रविवारी सकाळी मेजर माझ्या दारात उभे. पायात कॅनव्हासचे बूट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेलं पत्रक. मी अनवाणी होतो. त्यांनी माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग वर पाहून म्हणाले, "याचं उत्तर लिहा लागते, गुरुजी. माहं अक्षर सुदं नाही."

कुट्टी मशीनची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली होती? बायकोला आणि मला. मी म्हटलं, "मेजर, मी सरकारी नोकर. निवडणुकीच्या कागदात मी कसा..."

"नाव नाही येणार," ते म्हणाले. अप्पांचेच शब्द.

बसलो. कागद घेतला. ते सतरंजीवर मांडी घालून बसले आणि एकेक सवाल बोटाने दाखवत सांगू लागले.

"पहिला. लिहा, खरं हाय."

"मेजर, असं नसतं लिहीत उत्तर. आरोप फेटाळायचे असतात."

"खरं हाय ते कसं फेटाळता? फक्त शेपटामांगं हे चुकलं त्याचं. खच्चराच्या समोर चाला लागते, डाव्या अंगानं. ते दुरुस्त करा." मग जरा थांबून म्हणाले, "आनखी लिहा. माह्या आज्यानं गावचे मेलेले जनावर ओढले. मी जितं जनावर ओढलं, अन् ते बी सरकारी. याच्यात लाजाचं काय हाय?"

मी लिहिलं. मान वर केली नाही.

"दुसरा. खरं हाय. मशीनमध्येच गेले. गाव बर्फ म्हणत होतं, मी चूप बसून आयकत होतो, हे माहं चुकलं. लिहा."

मला राहवेना. "मेजर, ते बर्फाचं तर मी..."

"माईक तुमच्या हातात होता. कान तं माहे होते." एवढंच बोलले. मी वाट पाहत राहिलो. आता विचारतील, आता विचारतील, ही मशीनची गोष्ट त्यांना कोणी दिली. विचारलं नाही. डोळे कागदावर, बोट तिसऱ्या सवालावर.

"तिसरा. पळालो नाही. उशिरा गेलो. बावीस दिवस. चौदा दिवस कोठडीत होतो. माह्या कागदावर लाल शाईनं लिहेल हाय, त्याच्यानं हवालदार झालो नाही. हे सारं लिहा."

"उशीर का झाला?" मी विचारलं.

"घरची अडचण. तेवढंच लिहा."

मला लिहिणाऱ्याची खाज सुटली. म्हटलं, "मेजर, कारण लिहिलं तर लोकांना पटेल. मतं मिळतील."

त्यांनी मान हलवली. "ते माहं एकट्याचं नाही." आणि पुढच्या सवालावर गेले.

"चवथा. रम इकली नाही, वाटली. थंडीत जनावराच्या छातीले चोळाले लोकायले देली. कोणी चोळली, कोणी पेली, मले माहीत हाय. नावं सांगणार नाही. लिहा."

सगळं झाल्यावर मी माझ्या मनाचा एक परिच्छेद जोडला. त्यांच्या सेवेचा गौरव, डोंगर, थंडी, निष्ठा. जरा ओलावा आणला. मला वाटलं, तेवढं तरी माझ्याकडून. त्यांनी पूर्ण कागद तीनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "हे शेवटलं काढा. एका बाजूले जास्त झालं." मी काढलं. ते उठले, कागद पिशवीत ठेवला, जय हिंद म्हणाले आणि कडेकडेने निघून गेले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ऊन उतरल्यावर ग्रामपंचायतीसमोर त्यांनी सभा घेतली. सभा म्हणजे एक टेबल आणि एक माईक. लोक मात्र भरपूर, कारण सगळ्यांना तमाशा पाहायचा होता. मेजरांनी आधी विरोधकांचं पत्रक जसंच्या तसं वाचलं. लोक पुन्हा हसले. मग उत्तर वाचलं. पहिल्या सवालाच्या उत्तराला विहाराकडून आलेली माणसं ताठ झाली आणि पुढे बसलेली काही माणसं चुळबुळ करू लागली. दुसऱ्याला लोक मेजरांच्या हाताकडे पाहू लागले. आमच्या शाळेची पोरं होती तिथे. ती माझ्याकडे पाहत होती. तिसऱ्या उत्तराला त्यांचा आवाज जरा खाली गेला. "घरची अडचण होती," असं वाचलं तेव्हा बायांमध्ये बसलेल्या त्यांच्या पत्नी उठल्या आणि पदर सावरत निघून गेल्या. काकू म्हणायचो मी त्यांना. कमी बोलायच्या, पण गेलं की हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

चौथं उत्तर मात्र रंगलं. "नावं सांगणार नाही," असं म्हणून मेजरांनी गर्दीवरून नजर फिरवली तेव्हा किती जणांनी माना खाली घातल्या ते मी मोजलं नाही. अप्पांचा पुतण्या तर सरळ उठून लघवीला गेला. हशा असा पिकला की माईक शिट्टी मारू लागला. सभा संपल्यावर एक म्हातारा मला म्हणाला, "माणूस सोन्यासारखा हाय, गुरुजी. पण निवडणुकीतलं काहीच समजत नाही त्याले. आपल्याच तोंडानं आपलं वंगाळ सांगते का कोणी?"

मेजर थोडक्यात पडले. फार थोडक्यात. बरेच लोक नंतर म्हणाले की पत्रक निघालं नसतं तर आले असते. गुलाल उधळला गेला. अप्पांनी मला स्वतःच्या हाताने पेढा भरवला. खाल्ला मी. गोड लागला की कडू, असलं काही लिहीत नाही. पेढा होता, खाल्ला.

त्यानंतर मेजर रस्त्यात भेटायचे, पूर्वीसारखंच पायांकडे पाहायचे, कमरेची चौकशी करायचे. मला वाटायचं, शिव्या द्या, कॉलर धरा, काहीतरी करा. ते म्हणायचे, "पांदीनं नका जाऊ आज, चिखल हाय." उन्हाळ्यात माझी बदली झाली. मनात आलं, चला, सुटलो. सामान बांधलं. आणि मग कळलं की असं सुटता येत नाही. टेम्पोवाल्याला तासभर थांब म्हटलं आणि विहाराकडच्या आळीत गेलो.

मेजर ओसरीवर बसून दोरी वळत होते. मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर धीर सुटला असता. "मेजर, ते पत्रक मी लिहिलं होतं."

"माहीत हाय," ते म्हणाले. दोरी वळणं थांबलं नाही. "मशीनचं तुमच्याशिवाय कोणाले ठाऊक होतं?"

"मग उत्तर लिहून घ्यायला माझ्याकडेच का आलात? गावात लिहिणारे दुसरे होते."

त्यांनी दोरी मांडीवर ठेवली. "गुरुजी, खच्चर कधी कधी लाथ मारते. लय वेळा भेऊनच मारते. लाथ बसली की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्याच्यापाशीच जा लागते, दाण्याची चंदी घेऊन. दुखत असलं तरी. नाही गेलं तं त्याच्या मनात ते बसून राहते. मंग ते कोणालेच जवळ येऊ देत नाही. बाद होते जनावर. चांगले चांगले जनावर बाद झालेले पाह्यले मी."

माझे डोळे भरून आले. उत्तर लिहायला त्यांना माझी गरज नव्हतीच. जो माणूस सवाल-जवाब इतका नीट सांगू शकत होता, त्याला दहावी शिकलेल्या कुठल्याही पोराने लिहून दिलं असतं. ते आले होते माझ्यासाठी. मी बाद होऊ नये म्हणून. मी खाली बसलो आणि त्यांचे पाय धरले. त्यांनी हात धरून उठवलं. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"हे फौजेत होते, गुरुजी," त्या म्हणाल्या. "याईले लाथाची सवय हाय. मी नव्हती फौजेत."

मेजर म्हणाले, "जाऊ दे ना."

"नाही. आज बोलू द्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पदराआड कोण होतं, सांगू? हे नव्हते. माही लेक होती. पहिली. याईची सुट्टी सरली त्या दिवशी झाली, सातव्या महिन्यात. एवढीशी. डॉक्टर म्हणे, ऊब द्या, दुसरं काही नाही आपल्या हातात. आमी दोघं पाळीपाळीनं तिले उराशी धरून बसलो. घरात तिसरं माणूस नव्हतं. एकजण भाकर खाये, एकजण तिले धरे. बावीस दिवस जगली ते. तिले माती देली अन् त्याच दुपारच्या गाडीनं हे पलटणीत गेले. पोलीस आले तवा घरात मी एकटी होती. ओली बाळंतीण."

काकूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"पदर तुमीच लिहिला होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"चांगलं लिहिता," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेजरांनी दोरी उचलली. मला म्हणाले, चहा घ्या, निवून जाईन. मी घेतला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

मेजर गेल्याचं मला दुसऱ्या शाळेवर असताना कळलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. मांडव भरला होता, अप्पाही आले होते. हौद काही झाला नव्हता. मला कोणीतरी दोन शब्द बोला म्हणालं, जुने गुरुजी म्हणून. माईक हातात आला आणि मी फक्त एवढंच म्हटलं की त्यांची बोटं कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेली होती आणि ती निवडणुकीतली पत्रकं, दोन्ही बाजूंची, माझ्या हातची होती. खाली बसलो.

जेवणाआधी काकू ओळीने पाणी वाढत आल्या. सगळ्यांना विचारत होत्या, कसे आहात, लेकरं काय करतात, एवढ्या दुरून आले, जेवल्याशिवाय जाऊ नका. माझ्यापाशी आल्या. पेला भरला, काठोकाठ. आणि पुढच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "कवा आले, भाऊ?"

मी अजूनही वर्षातून एकदा जातो. काकू पाणी देतात. बोलत नाहीत. मेजर असते तर त्यांनी काकूंना समजावलं असतं. पण आता समजावणारं कोणी नाही, आणि मला वाटतं, नको समजावायला.